वैद्य, तत्त्वज्ञ आणि वऱ्हाडचे मन

शरीर वैद्याने पाहावे आणि मन तत्त्वज्ञाने, अशी एक वाटणी आपण गृहीत धरली आहे. इतिहास तिला दुजोरा देत नाही. चरकसंहितेतील शारीरस्थानाचा पहिलाच अध्याय पुरुष म्हणजे काय, या प्रश्नाने सुरू होतो. मन एक आहे आणि अणू आहे, असा सिद्धान्त तिथे एक वैद्य मांडतो. विल्यम जेम्सने १८६९ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेतली, पण वैद्यकी केली नाही. १८९० मध्ये त्याचा मानसशास्त्रावरील द्विखंडी ग्रंथ आला. कार्ल यास्पर्सचा मनोविकृतिशास्त्रावरील १९१३ चा ग्रंथ हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयातील अनुभवातून आला. पुढे तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला.

हा निव्वळ योगायोग नव्हे. सगळ्या तपासण्या निर्दोष आलेला रुग्ण जेव्हा ‘जगावेसे वाटत नाही’ म्हणतो, तेव्हा मन म्हणजे काय हा प्रश्न वैद्याला टाळता येत नाही.

आमच्या वऱ्हाडात हा प्रवास उलट दिशेनेही झाला. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) वैद्य नव्हते. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या तत्त्वचिंतकाच्या ग्रंथसंपदेत ‘मानसायुर्वेद’ नावाचाही ग्रंथ आहे. त्यांचे भक्तिविचार आपण आदराने सांगतो. हा ग्रंथ मात्र मराठीच्या अभ्यासकांनी क्वचितच उघडला असेल.

याची किंमत काय, ते अकोल्यात राहून कळते. यास्पर्सने एक मोलाचा भेद केला होता : एखाद्या घटनेचे कारण सांगणे वेगळे आणि ती भोगणाऱ्याचे मन समजून घेणे वेगळे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी आपली सारी चर्चा पहिल्याच बाजूला अडकली आहे. कोणी कर्ज म्हणतो, कोणी नापिकी, कोणी नैराश्य. ही कारणे खोटी नाहीत. कर्जाचा प्रश्न समुपदेशनाने सुटणार नाही, हेही खरेच. शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, तेही योग्यच झाले. परंतु तेवढ्याच कर्जाखाली एक कास्तकार पुन्हा पेरणीला उभा राहतो आणि दुसरा खचतो, तेव्हा त्या दुसऱ्याला जग कसे दिसत होते, हे कोणी विचारायचे?

माझ्या मते हे काम साहित्याच्या अभ्यासकांचेही आहे. दुसऱ्याच्या मनात शिरून पाहणे हीच तर आपली विद्या. मानस दोषांवरील उपाय सांगताना चरकाने ज्ञान आणि धैर्याबरोबर स्मृतीही मोजली आहे. आणि स्मृती जपणे हा भाषेचा व्यवहार आहे. मराठी एम. ए. च्या वर्गात या वैद्यांचे लेखन वाचले जावे. त्या वर्गात कास्तकारांची मुले बसतात. घरातल्या माणसाच्या अबोल्याला नेमका शब्द देता येणे, ही त्यांच्यासाठी केवळ परीक्षेची बाब नाही.