बोंडअळीचे तीन पाठ

डिसेंबरात यवतमाळच्या रानातले एखादे हिरवे बोंड चिरून पाहावे. वरून डाग नसतो. आत मात्र सरकी पोखरलेली, रुई पिवळट, चिकटलेली, आणि त्यात गुलाबी पट्ट्यांची अळी. बीटी कापूस देशात २००२ साली आला, दोन जनुकांचे वाण २००६ साली. तरीही २०१७ च्या हंगामात या अळीने यवतमाळसह विदर्भाचा कापूस नासवला. अळी विष पचवते कशी, हे क्रमांची तुलना करणाऱ्या आपणा सर्वांच्या कामाचे आहे.

बीटी कापसातले क्राय१एसी हे विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते. कॅडहेरिन मोडके असेल, तर विषाला धरायला जागाच उरत नाही. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या अळ्यांना प्रयोगशाळेत प्रतिकारक बनवल्यावर कॅडहेरिनच्या जनुकाची चार बिघडलेली रूपे सापडली होती. भारतातील सात ठिकाणच्या ४३६ अळ्यांच्या डीएनएत ती शोधली गेली. एकाही अळीत चारांपैकी एकही रूप सापडले नाही.

तपास इथेच थांबला असता, तर कॅडहेरिन निर्दोष ठरले असते! पण संशोधकांनी जनुक नव्याने वाचले आणि आठ नवी बिघडलेली रूपे हाती आली. मग आरएनएपासून बनवलेला सीडीएनए वाचला, तेव्हा या आठांतून १९ वेगवेगळे संदेश निघत असल्याचे दिसले. आठांपैकी सात रूपे प्रत्येकी दोन किंवा अधिक संदेश देत होती. प्रत्येक संदेशात अकाली थांबा तरी होता, किंवा किमान ९९ अक्षरांची गळती, किंवा दोन्ही. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. संदेशाची जोडणी अशी बदलते, हे नुसत्या डीएनएच्या तुलनेत दिसले नसते.

साम्याच्या टक्क्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक उदाहरण. ‘कमळ बदक मगर शहर’ यातला पहिला ‘म’ काढा आणि तीन-तीन अक्षरे वाचा : ‘कळब दकम गरश हर’. बारापैकी अकरा अक्षरे जागच्या क्रमाने शाबूत, डीएनएची जुळणी उत्तम. प्रथिन मात्र पार बिघडलेले. उलटही होते. ल्युसिनला सहा संकेत आहेत, त्यामुळे डीएनए वेगळा दिसूनही प्रथिन तेच निघते. दूरचे नाते शोधताना आधी प्रथिनांची तुलना करावी, ती याचसाठी.

यवतमाळच्या अळ्यांवर काम करणाऱ्यांना आमचा आग्रह आहे. बीटी कापसातले दुसरे विष क्राय२एबी, त्याच्या प्रतिकाराशी जोडले गेलेले जनुक एबीसीए२ हे वेगळे आहे, तेव्हा ते स्वतंत्रपणे वाचावे लागेल. खरी अडचण शिवारातच सुरू होते. अल्कोहोलच्या बाटलीत टाकलेल्या अळीचा डीएनए सहसा टिकतो. आरएनए मात्र प्रवासात तुटून जातो. बोंड चिरल्याबरोबर अळीचा एक भाग आरएनए राखणाऱ्या द्रावणात गेला पाहिजे आणि दोन्ही नळ्यांवर एकच क्रमांक हवा. डोमकळ्यांतली अळी आणि फरदडीच्या बोंडातली अळी वेगळ्या ठेवाव्यात. हंगामाच्या दोन टोकांची तुलना पुढे त्यातूनच करता येते.

यापुढे ‘ज्ञात उत्परिवर्तन आढळले नाही’ एवढ्यावर थांबलेला अहवाल आमच्याकडे आला, तर संदेश वाचला का, हे आम्ही लेखकाला छापण्यापूर्वी विचारू.