पथ्याचा कागद आणि घरची वही

आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात टेबलाच्या खणात छापील कागदांचा एक गठ्ठा असतो. मधुमेहाचा कागद वेगळा, रक्तदाबाचा वेगळा, मूत्रपिंडाचा आणखी वेगळा. औषधे लिहून झाली की त्यातील एक काढून रुग्णाच्या हाती द्यावयाचा आणि 'हे पाळा' असे म्हणून पुढची घंटा वाजवावयाची, असा एकंदर शिरस्ता आहे. त्या कागदावर 'वर्ज्य' या मथळ्याखाली 'बेकरीचे पदार्थ' ही ओळ हमखास असते आणि दुसऱ्या रकान्यात 'हलका आहार' हे शब्द असतात. या दोन शब्दप्रयोगांनी रुग्णाचे जितके भले होते, त्याहून अधिक नुकसान होते असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी स्मरणिकेची ही दोन पाने मी मागून घेतली आहेत.

वडोदऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांत 'बेकरीचा पदार्थ' म्हणजे केवळ दुकानात मिळणारी वस्तू नव्हे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन भट्टीवर जावयाचे, पत्र्याच्या ट्रेमध्ये आपली नानकटाई आपल्या डोळ्यांदेखत भाजून घ्यावयाची आणि डबे भरून घरी आणावयाचे, हे साठीच्या पुढच्या वाचकांना सांगावयास नको. पुढे काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. तो ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी जाड पातेल्यात वाळू तापवून तीत रव्याचा केक भाजला. त्याही आधी कोकणातून आलेल्या घरांत तवसाचे धोंडस होत असे, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. गुजराती शेजारणींकडून हांडवा शिकल्यावर माझी आई त्याला 'तिखट धोंडस' म्हणत असे. तांदूळ, तूरडाळ, चणाडाळ, आंबट ताक आणि किसलेला दुधी यांचा हा भाजलेला पदार्थ दोन संस्कृतींच्या सरहद्दीवर राहणाऱ्या घराला शोभणारा आहे. छापील कागदाच्या दृष्टीने मात्र धोंडस, हांडवा, नानकटाई आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील खारी बिस्किटे यांची एकच जात.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. मधुमेहाचे निदान अन्यत्र झालेले, कागदही तेथेच मिळालेला. त्यांच्या पत्नीची नानकटाई नात्यागोत्यात नावाजलेली होती. महिन्यातून एकदा डबा भरे, आल्यागेल्याला जाई, गुरुजींच्या वाट्याला आठवड्यातून दोन-चार येत. कागद घरात आल्या दिवसापासून डबा बंद झाला. सहा महिन्यांनी साखर जिथल्या तिथेच. मी विचारले, चहाबरोबर काय घेता? काकू म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, बेकरीचे सगळे बंद केले हो. आता फक्त ती पाकिटातली, पचनाची बिस्किटे. सकाळी तीन, संध्याकाळी तीन." नावात पचन आल्यामुळे त्या बिस्किटांना 'वर्ज्य' ही ओळ लागू होत नव्हती.

आता थोडा हिशेब करू. काकूंची कृती मी लिहून घेतली: एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, पाव चमचा सोडा, वेलची, नग चोवीस. त्यांची वाटी दीडशे मिलिलीटरची निघाली. तूप सुमारे १३५ ग्रॅम, साखर ९५, मैदा १६५. एकूण उष्मांक सुमारे २,२००, म्हणजे एका नानकटाईत ९० च्या आसपास, त्यात साखर चार ग्रॅम आणि तूप साडेपाच ग्रॅम. पाकिटातील त्या प्रकारच्या एका बिस्किटात साधारण ७० उष्मांक असतात. दिवसाला सहा म्हणजे ४२०, तेही रोज. आठवड्याला तीन नानकटाया म्हणजे २७०, तेही संपूर्ण आठवड्याचे. शिवाय गुरुजी दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेत असत. त्या चहातील साखर दहा नानकटायांतील साखरेइतकी होती, पण तिच्याविषयी कागद काही विशेष बोलत नव्हता. 'साखर टाळावी' एवढेच. चहातील साखर ही साखर नव्हे, ती चहाच असते, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे.

आम्ही चहाची साखर टप्प्याटप्प्याने उतरवली, पाकिटे थांबवली आणि नानकटाईचा आकार निम्मा केला. रविवारी दोन, इतर दिवशी नाही. काकूंच्या चेहऱ्यावरचे समाधान मला रक्ताच्या अहवालाहून कमी महत्त्वाचे वाटले नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे एका माणसाला हाताने करून घातले, तिला एका छापील ओळीने आपण सांगत असतो की, तुमच्या हातचे आता त्यांना विषासमान आहे. बंदी आली म्हणून घर खाणे सोडत नाही, ते फक्त करणे सोडून देते. पुढे विकत आणते, आणि विकत आणलेल्यात काय आहे हे ना काकूंना ठाऊक असते, ना आपल्याला.

परंतु 'घरचे ते चांगले' ही जी दुसऱ्या टोकाची श्रद्धा आपल्या समाजात आहे, तीही मला मान्य नाही. जुन्या वह्या उघडून पाहा. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या वह्यांत तुपाच्या जागी तोच शब्द जाऊन बसला. तो स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि खोलीच्या तापमानाला घट्ट राहत असल्यामुळे नानकटाई हवी तशी खुसखुशीत होत असे. अंशतः हायड्रोजनीकरणातून येणाऱ्या ट्रान्स फॅटने रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते, चांगले घटते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आज निर्विवाद आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणत १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात २ टक्क्यांवर आणली. कायदा झाला, परंतु आजीच्या वहीतील 'डालडा दीड वाटी' ही ओळ कोणत्याही राजपत्राने खोडली जात नाही. ती खोडण्याचे काम घरच्या डॉक्टरचे. आणि खोडून तेथे 'तूप' लिहिले म्हणजे काम संपले असेही नव्हे; तुपातील संपृक्त मेद राहतोच. तेथे नगाचा आकार आणि महिन्यातील दिवस हेच औषध.

उलट ज्याची आपण भीती घालतो त्यातील बरेचसे हिशेबात टिकत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला 'सोडा घातलेले खाऊ नका' असे सांगितले जाते. चहाच्या सपाट चमचाभर खाण्याच्या सोड्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असते, हे खरे. पण काकूंच्या नानकटाईत सोडा पाव चमचा, तोही चोवीसांत विभागलेला. त्याच रुग्णाच्या ताटात दोन वेळा पापड आणि लोणचे असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण दोन ग्रॅमच्या आत सोडियम ठेवावे म्हणते. ते कोठून येते आहे हे पापडाला विचारावे, नानकटाईला नव्हे.

आता 'हलका आहार'. हे शब्द इतके निरुपद्रवी दिसतात की ते लिहिताना आपली लेखणी अडखळत नाही. तापातून उठलेल्या रुग्णाच्या घरी या शब्दांचे काय होते हे एकदा पाहावे. एका घरी हलके म्हणजे चहा-बिस्किट, तेही दिवसातून पाच वेळा. दुसऱ्या घरी साबुदाण्याची खिचडी, कारण ती उपासाची, म्हणून हलकी. तिसऱ्या घरी नुसते वरणाचे पाणी, डाळ खाली ठेवून. आठ-दहा दिवस असे गेले की रुग्ण तापाने नव्हे, उपासमारीने गळालेला असतो आणि आपण शक्तिवर्धकाची बाटली लिहून देतो.

आपल्या आजी-पणजीकडे या प्रसंगासाठी नेमके शब्द होते: पेज, कण्हेरी, गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीची आसट खिचडी, मेतकूट-भात. यांतील प्रत्येकाची घनता वेगळी आणि चढत्या क्रमाने रुग्णाला वर नेणारी. पेजेवरून गुरगुट्या भातावर केव्हा यावयाचे, हे घरातील वडीलधाऱ्या बाईला नाडी न पाहताही कळत असे. 'हलका आहार' ऐवजी 'दोन दिवस तूप-मीठ घातलेली पेज दर तीन तासांनी एक वाटी, तिसऱ्या दिवसापासून मुगाची खिचडी' असे लिहावयास अर्धे मिनिट अधिक लागते. तेही रुग्ण पाहून. हृदय थकलेल्या रुग्णाच्या पेजेतील मीठ मोजूनच लिहिले पाहिजे, आणि मधुमेह्याच्या बाबतीत गुरगुट्या भाताने साखर लवकर चढते हे ध्यानात घेऊन डाळीचा वाटा वाढवला पाहिजे. परंतु हे करावयाचे तर त्या घरात पेज कशी करतात हे आधी विचारावे लागते.

पाककृती विचारणे हे डॉक्टरांचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्या सन्मित्रांना मी एका पाककृतीची आठवण देऊ इच्छितो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेवाटे द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांतून तयार करवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. यातील सोडा तोच, जो नानकटाईत पडतो. पुढे घरोघरी पोचलेले त्याचे रूप तर निव्वळ स्वयंपाकघरातले आहे: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. या कृतीतील प्राण 'सपाट' या एका शब्दात आहे. मीठ शिगोशीग पडले तर तीच कृती बाळाला अपाय करील. विसाव्या शतकातील वैद्यकाने लाखो मुले वाचवली ती अशी वाटी-चमच्याच्या भाषेत बोलून. ती भाषा आपल्याला परकी वाटावी हे नवल.

आणि ती नेमकी भाषाच घरोघरी लोपत चालली आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० मध्ये निघाले, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये. छापील मराठी पाकशास्त्राला प्रमाणाची शिस्त अशा पुस्तकांनी लावली. पण घरची कृती पुस्तकात नसते, ती वहीत असते, आणि वहीत 'अंदाजाने' असते. आपली नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली. हिंदीमुळे त्यांना देवनागरी अक्षर लागते. पण 'कडकडीत मोहन', 'अधण', 'हलके होईतो फेसावे', 'निगुतीने परतावे' येथे ती थबकतात. वही वाचता येते आणि समजत नाही, अशी ही अवस्था आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची उत्तम कोष्टके आपल्यापाशी आहेत, परंतु ती मुख्यत्वे कच्च्या अन्नाची. मैदा त्यांत सापडेल, काकूंची नानकटाई सापडणार नाही. ती मोजावयाची तर काकू असेतोवरच मोजली पाहिजे.

म्हणून आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवतो. वार्षिक आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासण्याच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल असावे. त्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोजपात्र आणि एक आहारतज्ज्ञ भगिनी. घरोघरच्या काकू, आत्या, मामी यांनी आपली वही आणि रोजची वाटी घेऊन यावे. वाटीचे माप पाहून कृती लिहून घ्यावी, नगाचे उष्मांक, साखर, मेद आणि मीठ काढून द्यावे, आणि कृतीची एक प्रत रुग्णाच्या कागदपत्रांत लावावी. पहिल्या वर्षी पंधरा-वीस कृती जमल्या तरी पुरे. खर्च नगण्य आहे. प्रश्न आहे तो आपल्यापैकी किती जण पांढरा कोट घालून त्या टेबलाशी बसावयास तयार होतात याचा. आमच्या पिढीतील पुरुष डॉक्टरांना तूप किती तापल्यावर मैदा घालावा हे विचारताना थोडा संकोच होईल, पण दोन बैठकांत तो जातो, हे अनुभवाने सांगतो.

संपादक मंडळाने मान्यता दिल्यास पुढील अंकासाठी वाचकांनी अशा कृती पाठवाव्यात. पाठवताना वाटी किती मिलिलीटरची ते पाण्याने मोजून लिहावे, चमचा सपाट की शिगोशीग ते लिहावे, नग किती होतात ते लिहावे. वहीत मुळात डालडा असेल तर तो लपवू नये, तसाच लिहावा. 'अंदाजाने' हा शब्द जेथे येईल तेथे एकदा ती वस्तू प्रत्यक्ष वजनकाट्यावर ठेवून पाहावी आणि मगच पाकीट बंद करावे.