सांगायचं काय त्यात?

कौतुक करायचं ते पाठीमागे, तोंडावर नाही, असा आपल्याकडच्या कितीतरी घरांत जणू कायदाच असतो. मूल शेफारेल, सून डोक्यावर बसेल, नवऱ्याला शिंगं फुटतील. शिवाय दृष्ट लागेल ती वेगळीच! त्यामुळे शेजारणीजवळ ‘आमच्या सुनेच्या हाताला काय चव आहे म्हणून सांगू’ असं भरभरून बोलणारी सासू, तीच आमटी पानात पडली की ‘मीठ जरा बेतानं घालत जा गं’ एवढंच म्हणते. दोन्ही वाक्यं मनापासूनचीच असतात. पण सुनेच्या कानावर पडतं ते फक्त दुसरं.

मागच्या वर्षी कामानिमित्त बंगळूरला जाणं झालं, तेव्हा चामराजपेटमध्ये मैत्रिणीच्या भावाकडे चार दिवस राहिले. चामराजपेट ही जुन्या बंगळूरच्या पेठांना लागून १८९२मध्ये आखून वसवलेली वस्ती, म्हैसूरच्या चामराजेंद्र वडियार महाराजांच्या नावाची. सरळ रस्ते आणि त्यांना छेदत जाणारे क्रॉस. कन्नड साहित्य परिषदेची वास्तूही इथलीच. अशा अस्सल कन्नड वस्तीत हे विट्याकडचं मराठी घर. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याच्या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. दादांचं दुकानही पेठेतच आहे.

वहिनी लग्न होऊन इथं आल्या तेव्हा त्यांना कन्नडचा गंध नव्हता. आता सकाळी दारावर पालेभाजीवाली ‘सोप्पू’ म्हणून ओरडत आली की त्यांची घासाघीस ऐकावी! मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला त्याच जातात, विजेच्या बिलात काही घोळ झाला तर कचेरीत त्याच भांडतात. मी तिथं असताना गावाकडून नव्यानं आलेल्या एका कारागीर पोराला सणसणून ताप भरला. त्याला कुणाचं बोलणं कळेना. वहिनी त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांना सगळं कन्नडमधून सांगितलं, गोळ्यांच्या वेळा त्याला मराठीतून समजावल्या आणि घरी येऊन कुकर लावला. जेवताना या गोष्टीचा विषयसुद्धा निघाला नाही.

खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी राहतात. त्यांनी वहिनींना एक सुचवलं होतं. या भागात गलाईवाल्यांच्या घरांत लग्न होऊन नव्या मुली येतात, महिनोन् महिने दाराबाहेर पडत नाहीत. त्यांना दुपारी दोन तास बोलायचं कन्नड शिकव, माझा व्हरांडा वापर, भाडं नको. मी म्हटलं, ‘‘वहिनी, उद्यापासून सुरू करा.’’ तर म्हणाल्या, ‘‘मला कुठलं जमतंय ताई? मी आपली घरीच असते.’’ तेवढ्यात बारा वर्षांचा चिरंजीव आतून ओरडला, ‘‘आई, तुला नाही कळत त्यातलं.’’ ते दुसऱ्याच कशाबद्दल होतं, पण वेळ अशी साधली की मी गप्प झाले.

रात्री मी दादांना विचारलं, ‘‘वहिनींना तुम्ही कधी सांगितलंय का, की तुम्ही नसता तर माझं इथं काही चाललं नसतं?’’ दादा हसले. म्हणाले, ‘‘तिला माहीतच आहे की. सांगायचं काय त्यात?’’

दादा काही वाईट गृहस्थ नाहीत. बायकोच्या शब्दाबाहेर नाहीत. पण ‘माहीतच आहे’ हे त्यांनी परस्पर ठरवलेलं. वहिनींना ते अजिबात माहीत नाही. स्वतःची किंमत काही आपोआप कळत नाही हो! आरशात चेहरा दिसतो, गुण दिसत नाहीत. ते दुसऱ्या कुणी तरी बघून सांगावे लागतात, आणि ते सांगणारं माणूस घरातलं असलं तर त्याच्यासारखं दुसरं सुख नाही.

चामराजपेटहून दक्षिणेकडे थोडं गेलं की गविपुरम आणि पुढे हनुमंतनगर लागतं. या बाजूला वाढलेल्या एका मराठी मुलाची गोष्ट इथं आठवल्याशिवाय राहत नाही. शिवाजीराव गायकवाड त्याचं नाव. पूर्वज पुणे जिल्ह्यातल्या मावडी कडेपठारचे, वडील पोलीस खात्यात, आई लहानपणीच गेलेली. पडेल ती कामं करत हा मुलगा बंगळूरच्या सिटी बसवर कंडक्टर झाला. कामगारांच्या नाटकांतून हौसेनं कामं करायचा. त्याच्याच बसचा ड्रायव्हर होता राज बहादूर. या ड्रायव्हरनं त्या नाटकातल्या पोराकडे नीट पाहिलं आणि नुसतं मनात ठेवलं नाही. ‘तुझ्यात नट आहे, तू मद्रासला जा, शिक’ असा त्याच्यामागे लकडाच लावला. १९७३मध्ये मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जायचं ठरलं तेव्हा घरची मंडळी पुरती राजी नव्हती. त्यांचंही काय चुकलं? हातची नोकरी सोडून नट व्हायला निघालेल्या मुलाला कुठल्या घरातून आनंदानं निरोप मिळतो? तेव्हा राज बहादूरनं आपल्या पगारातून त्याचा खर्च चालवला. तो पगार तरी किती, बसच्या ड्रायव्हरचा!

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. के. बालचंदर यांनी १९७५मध्ये ‘अपूर्व रागंगळ’मध्ये त्याला पडद्यावर आणलं, रजनीकांत हे नावही त्यांनीच दिलं. मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत रजनीकांतना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी तो तिघांना अर्पण केला. गुरू बालचंदर, थोरले भाऊ सत्यनारायणराव आणि ड्रायव्हर मित्र राज बहादूर. माझ्यातला नट त्यानं ओळखला, असं त्यांनी त्या व्यासपीठावरून सांगितलं. जवळजवळ अर्धशतक लोटलं, कोट्यवधी माणसांनी शिट्ट्या मारल्या, तरी पहिल्यांदा तोंडावर सांगणारा माणूस विसरला गेला नाही.

तुम्ही म्हणाल, खरी गुणी माणसं कुणी सांगो न सांगो, वर येतातच. येतात, नाही असं नाही. चामराजपेटमध्येच ‘मक्कळ कूट’ नावाची मुलांची जुनी संस्था आहे. ती काढणाऱ्या आर. कल्याणम्मा बालविधवा होत्या. अशा बाईनं घराच्या कोपऱ्यात बसावं असं मानणाऱ्या काळात, १९२१मध्ये त्यांनी ‘सरस्वती’ हे बायकांसाठीचं कन्नड मासिक सुरू केलं आणि चाळीसहून अधिक वर्षं चालवलं. पण पाहा, एवढ्या खंबीर बाईनं आयुष्यभर केलं काय, तर दुसऱ्यांना जागा दिली. बायकांना छापील पान दिलं, मुलांना हक्काचं ठिकाण दिलं. आणि आपल्यापैकी प्रत्येकजण काही कल्याणम्मा नसतो. बहुतेकजण वहिनींसारखे असतात. सगळं येत असतं आणि ‘मला कुठलं जमतंय’ म्हणत असतात.

आता कौतुक करायचं म्हणून ‘तू फार छान आहेस’ असं मोघम बोललात, तर समोरच्याला वाटेल, यांना काही तरी काम आहे! राज बहादूर मोघम बोलला नव्हता. काय दिसलं ते त्यानं सांगितलं, पुढे काय कर तेही सांगितलं, आणि नंतर खिशात हात घातला. आपल्याला कुणाला मद्रासला पाठवायचं नाही. पण ‘काल त्या पोराला दवाखान्यात नेलंस ना, मला ते नसतं जमलं’ एवढं नेमकं वाक्य जेवताना, मुलाच्या देखत बोलता येतं. मुलाच्या देखत हे महत्त्वाचं. ‘आई, तुला कळत नाही’ हे पोरं आईच्या पोटातून शिकून येत नाहीत. आणि दुपारचे दोन तास तिला मोकळे हवे असतील, तर चार वाजताचा दुकानातला चहा आपला आपण करून घ्यावा लागेल. कौतुकाची तेवढी किंमत मोजायची तयारी हवी.

दादांना मी निघताना एवढंच म्हटलं, की आजी व्हरांडा फुकट देताहेत, सतरंजी तुम्ही आणा. ते ‘बघू’ म्हणाले. वहिनींनी माझ्या पिशवीत चटणीपुडीचा डबा कोंबला. मी म्हटलं, ‘‘वहिनी, चार दिवस तुमच्याशिवाय माझं इथं पान हललं नसतं.’’ तर त्या घाईघाईनं म्हणाल्या, ‘‘छे हो, त्यात काय!’’ मग डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबत, खाली बघूनच म्हणाल्या, ‘‘पण परत एकदा म्हणा बरं, हे आत आहेत, त्यांना ऐकू नाही गेलं.’’