कामाची वेळ आणि वेळेवरचा हक्क

नोकरीतील समाधान आणि काम व घर यांचा समतोल यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांची आता वाण राहिलेली नाही. छत्तीसगडातील भिलाईच्या जुनवानी भागासारख्या ठिकाणी, जिथे अभियांत्रिकीपासून वैद्यकीयपर्यंतची महाविद्यालये जवळजवळ उभी आहेत, व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हा विषय हमखास सुचतो. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पायऱ्यांची प्रश्नावली तयार होते, ती ओळखीपाळखीतून भरून घेतली जाते, आणि समतोल असेल तिथे समाधान अधिक असते, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष खोटा नाही, पण तो इतका उघड आहे की त्यातून हाती फारसे लागत नाही. समतोल नेमका कशाचा आणि तो राखणे कोणाच्या हातात असते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला जुनवानीच्याच शहरातल्या पोलाद कारखान्याइतकी चांगली जागा देशात क्वचितच सापडेल.

आधी संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली केलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते: माणूस आपल्या नोकरीचे मोल मनाशी ठरवतो तेव्हा उमटणारी सुखद भावना म्हणजे नोकरीतील समाधान. जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल यांनी १९८५ साली काम आणि कुटुंब यांच्यातील संघर्षाचे तीन प्रकार सांगितले. एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहता येत नाही, हा वेळेचा संघर्ष. कामावरचा शीण घरी येतो, हा ताणाचा. आणि भट्टीवर आवाज चढवून काम करून घेणाऱ्या फोरमनला तोच आवाज जेवणाच्या ताटावर उपयोगी पडत नाही, हा वर्तनाचा. प्रबंधांत यातला पहिला प्रकार तेवढा मोजला जातो, कारण तास मोजायला सोपे असतात. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेली कल्पना मात्र अधिक खोलवर जाते: कामाचा बोजा जड असला तरी तो कसा व कधी पेलायचा हे ठरवण्याची काही मुभा माणसाला असेल, तर तो तितका खचत नाही, बोजा जड आणि मुभा शून्य, या जोडीत मात्र तो मोडतो.

भिलाईचा कारखाना भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या कराराने उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. अशा कारखान्यात वेळेचा मालक कोण, हे कोक ओव्हन विभागात सर्वांत स्पष्ट दिसते. तिथे दगडी कोळसा हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवला जातो आणि त्यापासून झोतभट्टीला लागणारा कोक तयार होतो. या भट्ट्यांच्या भिंती सिलिका विटांच्या असतात आणि त्या विटा एकदा तापल्यावर निवू दिल्या तर तडकतात. म्हणून ही भट्टी पेटली की कित्येक वर्षे विझवता येत नाही. होळी असो की दिवाळी, घरात लग्न असो की सुतक, भट्टीजवळ कोणी ना कोणी उभे असावेच लागते. सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा आणि दहा ते सकाळी सहा या तीन पाळ्या त्यातूनच येतात, आणि फिरत्या पाळीमुळे माणसाची साप्ताहिक सुट्टी मुलांच्या रविवारी येईल याची शाश्वती नसते. रात्रपाळीने शरीराचे घड्याळ बिघडते, हे आता वादाचे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली रात्रपाळीला संभाव्य कर्ककारकांच्या यादीत घातले आहे.

तासांचा हिशेबच निर्णायक असता, तर या कारखान्यातील कामगार सर्वांत असमाधानी ठरायला हवा होता. प्रत्यक्षात तसे नव्हते, आणि हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी नोंदवले आहे. १९९० च्या दशकापासून अनेक वर्षे भिलाईत येऊन-राहून त्यांनी कामगारांचे जीवन पाहिले आणि २०२० साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ च्या एका गाजलेल्या निबंधात असे मांडले होते की, ऋतुमानाने चालणाऱ्या शेतकऱ्याला घड्याळाच्या शिस्तीत बसवणे हीच औद्योगिक भांडवलशाहीची मोठी जबरदस्ती होती. भिलाईच्या आसपासच्या खेड्यांत पॅरी यांना उलट चित्र दिसले. कारखान्यात लागलेल्या तरुणांना भातशेतीतले काम नकोसे वाटत होते आणि कारखाना हवासा वाटत होता. कायम कामगाराचे काम भट्टीजवळ जीवघेणे होते, पण ते सलग नव्हते; माणसे पुरेशी असल्याने आळीपाळीने विसावा मिळे, त्या विसाव्यात गप्पा रंगत आणि जातीपातीपलीकडच्या मैत्र्या जुळत. शिवाय पाळी सुटली की कारखाना माणसाच्या मागे घरी येत नसे. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरमधले क्वार्टर, मुलांची शाळा, सेक्टर नऊचे रुग्णालय या सगळ्यांमुळे कारखान्याबाहेरच्या सोळा तासांतल्या पुष्कळ काळज्या आधीच मिटलेल्या असत.

त्याच आवारात, त्याच उष्णतेत ठेकेदाराचा कामगारही असतो. कायम कामगार जी करायला नाखूश असतो ती जड आणि घाणेरडी कामे पुष्कळदा त्याच्याच वाट्याला येतात, मजुरी मात्र कितीतरी कमी, आणि उद्या काम आहे की नाही हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. त्याचे तास मोजले तर कदाचित कायम कामगाराहून फार वेगळे भरणार नाहीत. वेगळी असते ती त्या तासांवरची सत्ता. पॅरी यांनी भिलाईतल्या कामगारवर्गाच्या दोन थरांमधली जी दरी दाखवली, तिचा मोठा भाग या सत्तेतच सामावलेला आहे. ‘समतोल’ या शब्दाने ही सत्ता झाकली जाते, कारण तो शब्द ऐकताना तराजू माणसाच्या स्वतःच्याच हातात आहे असे वाटते.

तराजू हातात यावा म्हणून माणसांनी काय केले, याचा इतिहास मराठी वाचकाला अनोळखी नाही. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा गिरण्या दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नसे. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तिच्यात दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीला स्थान मिळाले. भिलाईच्या शेजारच्या राजनांदगावात, जे तेव्हा संस्थानी मुलूख होते, कापड गिरणीच्या कामगारांनी १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली कामाच्या लांबलचक तासांविरुद्ध महिन्याहून अधिक काळ संप चालवला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्यात आली ती १९४६ साली, आणि त्यापूर्वीची चार वर्षे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आठवड्याला सत्तर तास काम करा, असे २०२३ साली नारायण मूर्ती यांनी तरुणांना सांगितले तेव्हा त्यावर चर्चेचा धुरळा उडाला. पण ४८ हा आकडा कसा मिळवला गेला, याची आठवण त्या चर्चेत फारशी कोणाला झाली नाही.

या परंपरेत भिलाईने स्वतःची भर घातली ती शंकर गुहा नियोगी यांच्यामार्फत. नियोगी याच कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात कामाला होते. संघटनेच्या कामामुळे नोकरी गेल्यावर ते पुढे दल्ली-राजहरा येथे पोहोचले, जिथल्या खाणींतून भिलाईच्या झोतभट्ट्यांना लोहखनिज मिळते. १९७७ साली तिथल्या ठेका कामगारांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्यांच्या सुरुवातीच्या मागण्या बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. एक मागणी होती पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी बांबू-बल्लीच्या पैशांची. दुसरी होती, कामगाराचा दोष नसताना काम मिळाले नाही तर त्या दिवसाच्याही मजुरीची. हजर राहून वाट पाहण्यात गेलेला वेळ मालकाने वापरलेलाच वेळ होय, असा तिचा अर्थ होतो. पहिली मागणी घराची आणि दुसरी रिकाम्या ठेवलेल्या वेळेची, आणि दोन्ही नेहमीच्या पगारवाढीच्या चौकटीबाहेरच्या. या आंदोलनावर त्याच वर्षी जूनच्या आरंभी झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जणांचा जीव गेला.

नियोगी यांची भूमिका अशी होती की, कामगार संघटनेने कामाच्या आठ तासांपुरतेच पाहणे पुरेसे नाही, कामगाराचे चोवीस तास तिच्या कक्षेत यायला हवेत. त्यातून दारूबंदीची मोहीम उभी राहिली, शाळा निघाल्या आणि संघटनेची पदाधिकारी असलेल्या एका स्त्रीचा बाळंतपणात मृत्यू झाल्यावर कामगारांनी स्वतःचे रुग्णालय बांधायला घेतले. ३ जून १९८३ रोजी ते शहीद हॉस्पिटल सुरू झाले. काम आणि जीवन यांच्या समतोलावर आज जे सल्ले दिले जातात, त्यांत व्यक्तीने योग, नियोजन, छंद यांच्या आधारे स्वतःला सावरायचे असते. दल्ली-राजहऱ्यात तो प्रश्न संपूर्ण वस्तीचा मानला गेला, आणि दारूवर जाणारा पगार घरात राहिला तर कामावरचा दिवसही निराळा होतो, हे तिथल्या स्त्रियांना कोणत्याही प्रश्नावलीशिवाय कळत होते. नियोगी पुढे भिलाईतल्या खासगी कारखान्यांच्या ठेका कामगारांना संघटित करू लागले आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतच झोपेत त्यांची हत्या झाली.

जुनवानीतल्या महाविद्यालयांतला नोकरदार कायम आणि ठेक्याच्या अशा दोन्ही कामगारांहून वेगळा आहे. तिथे भट्टी नाही आणि पाळीही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला चाळीस तासांचा आणि सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन सोळा तासांचे. कागदावर हे काम पोलाद कामगारापेक्षा कितीतरी हलके आहे. पण देशभरातल्या अनेक खासगी महाविद्यालयांत या सोळा तासांभोवती नॅक या मूल्यांकन संस्थेसाठीच्या फायली, प्रवेशाच्या हंगामात विद्यार्थी आणण्याची मोहीम, उपस्थितीचे तक्ते आणि पालकांचे फोन यांचे वेटोळे पडलेले असते, आणि रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘सकाळी दहापर्यंत माहिती भरून पाठवावी’ असा निरोप येतो, ज्याच्याखाली पाच मिनिटांत ‘ओके सर’च्या रांगा लागतात. त्या रांगेत उशिरा उमटलेला ‘ओके’ही नजरेत भरतो, हे सर्वांना ठाऊक असते. ज्याची नेमणूक वर्षावर्षाने वाढवली जाते, तो या निरोपाला उत्तर देणार नाही असे होणे कठीण. भट्टी विझवता येत नाही, कारण विटा तडकतात; हा निरोप सकाळपर्यंत का थांबू शकत नाही, याला मात्र असे कोणतेही कारण नसते, आणि त्रास नेमका त्याचाच अधिक होतो. समाधान मोजणारी प्रश्नावली भरणारा हाच अध्यापक अपेक्षाच खाली आणून ‘सहमत’वर खूण करतो, तेव्हा वंचित माणूस आपल्या इच्छाच परिस्थितीला जुळवून घेतो, हे अमर्त्य सेन यांचे निरीक्षण एखाद्या वातानुकूलित स्टाफरूमलाही लागू पडते.

अध्यापक स्त्री असेल तर या हिशेबात आणखी एक पाळी मिळवावी लागते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची सरासरी यापेक्षा कमी भरेल हे खरे; पण नोकरीमुळे घरकाम पुरुषाकडे सरकते असे नाही, ते पुष्कळदा सासूकडे किंवा पगारी बाईकडे सरकते. संस्था ‘लवचिक वेळ’ देते तेव्हाही ही लवचिकता कोण खर्च करते, ते पाहावे लागते. दुपारी लवकर घरी जाऊन रात्री अकरानंतर लॅपटॉप उघडणारी बाई कागदोपत्री समतोल साधलेली दिसते.

कामाचा निरोप कामाच्या वेळेबाहेर नाकारण्याचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला. भारतात त्यासाठीचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडले, पण ते पुढे सरकले नाही. दरम्यान वारे उलट्या दिशेने वाहत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच राहील आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात आले. दिवस लांबवून आठवड्यात एखादी सुट्टी अधिक पदरात पडणार असेल, तर पनवेल किंवा चाकणपर्यंत दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या कायम कामगाराला हा सौदा आवडूही शकेल, आणि त्यात काही गैर नाही. ठेकेदाराच्या कामगाराची गोष्ट निराळी. त्याचा गेटपास ठेकेदाराच्या हाती असतो, आणि खुशीने केलेली सही व भीतीने केलेली सही कागदावर सारखीच दिसते. तेव्हा या संमतीची पारख करू पाहणाऱ्या निरीक्षकाला सह्यांचे कागद बाजूला ठेवून हजेरीपट मागवावा लागेल, आणि सही द्यायला नकार देणाऱ्यांपैकी किती जण पुढच्या महिन्यातही त्याच खात्यात कामावर आहेत, हे मोजावे लागेल.