मंगलाष्टकाचे वृत्त

गेल्या डिसेंबरात, एका शनिवार-रविवारी, आमच्या नात्यातील एक जोडपे पुण्यास आमच्याकडे उतरले होते. साखरपुडा झालेला, लग्न माघात. सकाळी लक्ष्मी रस्त्यावर शालू पाहणे, दुपारी कोणाकडे तरी केळवण आणि त्यानंतर मुकुंदनगरला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, असा दोन्ही दिवसांचा क्रम होता. पूर्वी केळवणे वराची निराळी, वधूची निराळी होत. आता दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवतात. ही सुधारणा आम्हांस मनापासून मान्य आहे. (पुरणपोळीनंतर विलंबित ख्याल ऐकताना डोळे मिटले, तर ती तल्लीनता समजावी.)

भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव अखेरीस सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रित भैरवीने संपतो. दिवसचे दिवस प्रत्यक्ष गाणे ऐकून झाल्यावर मग ती ध्वनिमुद्रिका. मंगल कार्यालयात क्रम उलटा असतो. तेथे ध्वनिमुद्रित सनईने आरंभ होतो, आणि प्रत्यक्ष कंठातून येणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे मंगलाष्टके. तीही आता पैसे देऊन बोलावलेले गायक सिनेगीतांच्या चालीवर म्हणतात. रविवारी रात्री परतल्यावर मुलीने सांगितले, "आम्हांला तसे नको. तुम्ही लिहा, आणि आत्याच म्हणेल."

आम्ही प्रथम टाळले. समीक्षेने मंगलाष्टकास कधी साहित्य मानलेले नाही. 'हौशी' या एका शब्दात त्याची बोळवण होते. आमच्या मते ही चूक आहे. वृत्तबद्ध कविता वर्गाबाहेर, मोठ्याने, शेकडो माणसांसमोर म्हटली जाते असे दुसरे ठिकाण मराठी माणसाच्या आयुष्यात आज क्वचितच सापडेल. श्रोते अक्षता मुठीत धरून श्लोक संपण्याची वाट पाहत असतात. चरणाचा शेवट कोठे, हे त्यांना छंदःशास्त्र न शिकता कळते. चाल सिनेमाची झाली की लघू ताणले जातात, गुरू दडपले जातात, यती नाहीसा होतो. मग अक्षताही भलत्या वेळी पडतात. आम्ही हे स्वतः पाहिले आहे.

शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरे वाटतात तितकी उदार नाहीत. मुलीचे नाव तीन गुरूंचे. ते चरणारंभी मगणात अचूक बसते. बाराव्या अक्षरापासूनही तीन गुरू सलग येतात खरे, परंतु बाराव्यावर यती असल्याने तेथे नावाचे दोन तुकडे होतात. अंतरपाटाच्या क्षणी वधूचे नाव तोडणे आमच्याने होणार नाही. मुलाचे नाव तीन लघूंचे, आणि संपूर्ण चरणात तीन लघू एकत्र येतात ते केवळ नवव्या, दहाव्या व अकराव्या स्थानी. म्हणजे दोघांच्या जागा वृत्तानेच ठरवून दिल्या. ती चरण उघडते, तो यतीच्या उंबऱ्याशी उभा राहतो. विद्यार्थ्यांस गण शिकवताना असे उदाहरण आम्हांस पूर्वी सुचले नव्हते.

अडचण वेगळीच निघाली. मुलीच्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचे नाव श्लोकात यावे, ही तिची एकमेव अट. मूळ नाव दोन गुरूंचे, त्यास 'बाई' जोडलेले. एकूण चार गुरू. चार गुरू सलग या वृत्तात कोठेही येत नाहीत. वृत्त बदलावे, तर आत्यांना चाल येते ती हीच. 'बाई' गाळले तर नाव सहज बसते. परंतु त्या नावाने आजींना घरात कोणी हाक मारली नव्हती, असे मुलीची आई म्हणते.

तीन चरण लिहून झाले आहेत. 'बाई' गाळू का, असे आम्ही मुलीस विचारले आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.