बारा पायांचा नव्हे, बड्या पायांचा!

कोलकात्याला जाणारी आपली मंडळी दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया मेमोरियल पाहून, मिष्टी दोई खाऊन परततात. आमचाही बेत तोच होता. पण बरोबर होता चंद्रपूरचा नऊ वर्षांचा भाचा. "मावशी, देवळं तुम्ही बघा. मला डायनासोर दाखव," असा त्याचा हट्ट. तेव्हा दक्षिणेश्वरच्या आधीचे मेट्रो स्टेशन बरानगर, तिथे आम्ही उतरलो.

इथे बी. टी. रोडवर भारतीय सांख्यिकी संस्था आहे. आकडेमोडीच्या संस्थेत डायनासोरचे काय काम, असे कुणालाही वाटेल. पण १९३१ साली ही संस्था काढणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांना कोणतेच शास्त्र परके नव्हते. त्यांनी १९५७ मध्ये लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावले आणि इथे भूशास्त्राचा अभ्यास सुरू झाला. आज विद्यापीठासारख्या पदव्या देणाऱ्या या संस्थेचे भूशास्त्र संग्रहालय त्यातूनच उभे राहिले.

आत शिरलो आणि दोघेही गप्प झालो. समोर सांगाडा उभा! पाटी वाचून भाच्याने विचारले, "बारापासॉरस? म्हणजे बारा पायांचा?" मलाही हसू आले. हा 'बारा' मराठीतला नव्हे. बंगालीत 'बड़ो' म्हणजे मोठा आणि 'पा' म्हणजे पाय. मांडीचे हाडच मुळी माणसाच्या उंचीचे, म्हणून बड्या पायांचा. पुढचे नाव 'टागोराय'. १९६१ साली उत्खनन झाले, ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. कवीचे नाव डायनासोरला द्यावे, हे बंगालातच सुचायचे!

हा प्राणी सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. लांबी सुमारे १४ मीटर, म्हणजे आपल्या एस.टी.च्या गाडीहूनही जास्त. अन्न निव्वळ झाडपाला. पण तो मूळचा बंगालचा नाही. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, पोचमपल्ली नावाच्या खेड्याजवळ, किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडे सापडली. सोबत मोठमोठी झाडांची खोडेही दगड होऊन पडली होती. कळपच्या कळप एखाद्या संकटात सापडून मेला आणि पुराने हाडे-खोडे एकत्र वाहून आणली असावीत, असे अभ्यासक मानतात. ज्या खडकात ती मिळाली त्याला 'कोटा' म्हणतात. हे कोटा राजस्थानातले नव्हे, आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळचे!

भाच्याचे डोळे चमकले. मग मी त्याला आणखी एक गंमत सांगितली. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावातून दुसऱ्या एका प्रचंड डायनासोरची हाडे काढली. संस्थेच्या आद्याक्षरांवरून २००३ साली त्याचे नाव पडले 'इसिसॉरस'.

"आमच्या जिल्ह्यात? मग शाळेत कुणी सांगितलं का नाही?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. परदेशी सिनेमातल्या डायनासोरांची नावे मुलांना तोंडपाठ असतात. घराजवळच्या मातीतला मात्र आपण ओळखत नाही.

निघताना त्याने आणखी एक विचारले, "याचं खरं डोकं कुठंय?" बारापासॉरसची कवटी आजवर मिळालेलीच नाही. कदाचित ती अजून गोदावरीच्या खोऱ्यातच असेल. म्हणून एक विनंती. विहीर खणताना किंवा नांगरताना हाडासारखा दिसणारा जड दगड लागला, तर तो फोडू नका आणि घरीही नेऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा. दगड जागेवरून हलला की त्याची निम्मी हकीकत पुसली जाते.

आता थोडे प्रवासाचे. हे तिकीट काढून शिरायचे संग्रहालय नाही. संस्था शिक्षणाची आहे, तेव्हा आधी संपर्क साधून परवानगी घ्यावी. महालनोबीस यांचे 'आम्रपाली' हे घरही याच आवारात आहे. पुढच्याच मेट्रो स्टेशनवर दक्षिणेश्वर. राणी रासमणींनी बांधलेले हे कालीमंदिर १८५५ सालचे. तिथून होडीने गंगा ओलांडून बेलूर मठ गाठता येतो. मठ दुपारी बंद असतो, म्हणून तो संध्याकाळसाठी ठेवावा. दुसरा दिवस हाताशी असेल, तर १८१४ साली सुरू झालेले इंडियन म्युझियम पाहावे. मुलांना तिथलेही जीवाश्म आवडतील.

त्या संध्याकाळी होडीत सगळे दक्षिणेश्वरच्या शिखरांकडे पाहत होते. भाचा मात्र घाटावरून उचललेला खडा निरखत बसला होता. "मावशी, डोंगरगाव आमच्या घरापासून किती लांब आहे गं?" त्याने विचारले. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पाहायचे, असे आमचे ठरले आहे.