उन्हाळी भुईमुगाच्या काढणीसाठी वेळेत पाणी, ताडपत्री व विमा मिळण्याबाबत निवेदन

दि. १० एप्रिल २०२६

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे जिल्ह्यातील उन्हाळी भुईमूग उत्पादक शेतकरी आहोत. शेंगाचटणीने सोलापूरचे नाव दूरवर नेले. त्या चटणीतल्या दाण्याची प्रत मात्र काढणीच्या आठवड्यात ठरते.

शेंग तयार झाली का, हे आम्ही चार ठिकाणचे वेल उपटून पाहतो. टरफल आतून पांढरे असेल तर थांबायचे; बहुतेक शेंगांत ते काळपट झाले की काढणी धरायची. घाई केली तर दाणा सुरकुततो, तेल आणि वजन दोन्ही घटते. उशीर झाला तर आऱ्या कुजतात. वेल हातात येतो, शेंगा जमिनीत राहतात. शिवाय उपट्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते, त्यामुळे पाऊस झाला की शेंगेला मातीतच मोड फुटतात. गेल्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. आमच्या काढणीचे दिवस नेमके तेच.

वेळ आम्हाला कळते, पण साधता येत नाही. मे महिन्यात काळी जमीन इतकी टणक होते की हलके पाणी देऊन वाफसा आल्याशिवाय वेल निघत नाही. म्हणून उजनी कालव्याचे उन्हाळी आवर्तन ठरवताना भुईमुगाची काढणी लक्षात घ्यावी आणि त्या दिवसांत शेतीपंपांना दिवसा वीज द्यावी. बाकी मागण्या याच्या नंतर.

काढलेली शेंग ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावी लागते. ओल्या ढिगाला बुरशी लागते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होते आणि दाणे भाजले तरी ते पूर्ण जात नाही. तेव्हा अनुदानावरच्या ताडपत्र्या मे उजाडण्यापूर्वी द्याव्यात. जूनमध्ये त्या घेऊन आम्ही काय करणार? बाजार आवारात ओलावा मोजण्याचे यंत्र ठेवावे. नुसता दाणा चावून भाव ठरू नये.

२०२५ च्या खरिपापासून राज्यात पीकविम्याची भरपाई पीककापणी प्रयोगावर आणली गेली आणि काढणीनंतर १४ दिवस मिळणारे संरक्षण गेले. प्रयोग उभ्या पिकावर होतो. भिजतो तो सुकत घातलेला माल. हे संरक्षण उन्हाळी भुईमुगाला पुन्हा द्यावे, अशी शिफारस आपण शासनाकडे करावी.

काढणी मेच्या मध्यापासून सुरू होईल. त्याआधी कृषी, जलसंपदा आणि वीज वितरणाच्या अधिकाऱ्यांसह आमची बैठक आपल्या दालनात लावावी, ही विनंती.

आपले नम्र,
उन्हाळी भुईमूग उत्पादक शेतकरी, सोलापूर जिल्हा